चारही चाकांत तेहेतीस

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अहो, एवढं काय घाबरायचं त्यात' म्हणायला नको. गॅस बंद केला का, हे मी दाराला कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून बघते. लिफ्टमध्ये गर्दी झाली की उतरून जिन्याने जाते. रिक्षावाला एका हाताने फोनवर बोलायला लागला की त्याला सरळ सांगते, बाबा, आधी बोलून घे, मग निघू. माझी मुलगी म्हणते, आईला भीती वाटण्यासाठी कारण लागत नाही, फक्त वेळ लागतो.

पण माझ्या भीतीला नोकरीचा अनुभव आहे. निवृत्त होईपर्यंत मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होते. आमच्या शेडच्या भिंतीवर एक पिवळा दिवा आणि त्याखाली भोंगा होता. दिवा लागला की हातातलं काम टाकायचं आणि गेटबाहेर जायचं, चौकशा नंतर. एकदा भोंगा उगाचच सारखा वाजतो म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. त्याच आठवड्यात गळती झाली आणि ती आम्हाला कळली डोळे चुरचुरायला लागल्यावर. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून पिवळा दिवा दिसला की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात.

आता जावयाच्या गाडीबद्दल. जावई माणूस चांगला आहे. हे मी लेकीसमोर म्हणत नाही, कारण ती लगेच त्याला सांगते आणि तो चढून बसतो. दोघं अंबरनाथला राहतात, मी बदलापूर गावात एकटी. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. जावयाने सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा मला आणि लेकीला फिरवून आणलं. मी पुढे बसले. समोरच्या छोट्या पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं आणि चार चाकांपाशी चार आकडे.

"हे काय हो?" मी विचारलं.

"हवा, आई. कुठल्या टायरमध्ये किती हवा आहे ते. आतमध्ये सेन्सर असतो प्रत्येक चाकात. हवा कमी झाली की दिवा लागतो. तुम्हाला आवडेल म्हणूनच ही गाडी घेतली."

थट्टा करत होता, पण मला खरंच आवडलं. त्यानेच मला समजावलं की चाकाच्या लोखंडी रिमला, जिथून हवा भरतात त्या तोंडाला आतून काडेपेटीएवढी वस्तू लावलेली असते. ती हवा मोजते आणि गाडीला कळवत राहते. तिला तिचा स्वतःचा नंबर असतो, आणि गाडीला ते चार नंबर पाठ असतात. आमच्या कंपनीच्या हजेरीपटासारखं. ज्याचं नाव पटावर नाही, तो गेटवर कितीही हाका मारू दे, त्याला आत घेत नाहीत.

मग मला ते आकडे बघायची सवयच लागली. सकाळी निघताना एकतीस, बत्तीस, तेहेतीस, पुन्हा बत्तीस, असे असायचे. गाडी पळाली की टायर तापतात, मग एक वाढायचा, दुसरा थोड्या वेळाने वाढायचा. उन्हाच्या बाजूचे दोन पुढे, सावलीचे दोन मागे. भावंडांसारखे, कधी एकमत नाही. जावई रस्ता बघायचा आणि मी आकडे. दोघं मिळून गाडी चालवतोय असं मला वाटायचं आणि त्यामुळे बरंच धीराने बसता यायचं.

त्याच वर्षी अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं. तेहेतीस अनारसे, चांदीचं नाही पण स्टीलचं चांगलं ताट, दिवा, आणि वर त्याच्या हौसेचं काहीतरी. हौस काय ते त्याने आधीच लेकीकरवी माझ्यापर्यंत पोहोचवलं होतं. गाडीला अलॉयची चाकं. ती चमकणारी, फुलासारखी कापलेली. मला म्हणाल तर चाक गोल असलं की झालं. पण एकुलता एक जावई, म्हटलं देऊ.

आम्ही तिघं उल्हासनगरला गेलो. कॅम्प चारमध्ये एका गल्लीत ओळीने तीच दुकानं, भिंतीवर ताटं टांगावीत तशी चाकं टांगलेली. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ, मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. जावयाने चाकं पसंत केली. जुने टायर नव्या रिमवर चढवायचे असं ठरलं. काम चाललं होतं तेव्हा दुकानदार जावयाला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होते. मला वाटलं, भावाचं चाललंय.

परत निघालो आणि पडद्यावर चारही आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. मधोमध पिवळा दिवा, वाटीत उद्गारचिन्ह ठेवल्यासारखा, लुकलुकत होता. थोड्या वेळाने लुकलुकणं थांबलं आणि तो स्थिर पेटून राहिला.

"थांबवा," मी म्हटलं.

"आई, काही नाही ते. जुना सेन्सर ह्या रिममध्ये बसत नाही. आतला कट वेगळा आहे. नवे मागवायला लागतील."

"मग हवा कमी झाली तर कसं कळणार?"

"अहो, ह्याच्या आधी लोक गाड्या चालवत नव्हते का?"

चालवत होते. आणि मरतही होते, असं मी म्हणणार होते, पण लेकीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी उतरेपर्यंत माझी नजर त्या दिव्यावरून हलली नाही. लुकलुकणं म्हणजे 'मला चाक दिसत नाही' आणि नुसतं पेटणं म्हणजे 'चाकात हवा नाही', हा फरक मला पुढे कळला. तेव्हा मला एवढंच कळत होतं की भिंतीवरचा दिवा लागलाय आणि आम्ही सगळे शेडमध्येच बसलोय.

त्यानंतर मी रोज फोन करायला लागले. जेवलात का, आणि दिवा गेला का. हे दोन प्रश्न. लेक वैतागली. जावई मात्र शांतपणे म्हणायचा, होईल आई. आणि मग एका रविवारी तो खरंच गाडी घेऊन आला, मला खाली बोलावलं आणि चावी फिरवली. दिवा क्षणभर लागला, गेला. पडद्यावर चारही चाकांपाशी आकडे. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस.

माझ्या अंगावर काटा आला, चांगल्या अर्थाने. अधिक महिन्यात तेहेतीसचं काय महत्त्व असतं ते तुम्हाला सांगायला नको. तेहेतीस अनारसे दिले आणि चाकांनी तेहेतीसच परत केले, असं मला वाटलं. मी गाडीला हळदकुंकू लावलं. देवाने माझ्यासारख्या भित्र्या बाईला दिलेली खूण म्हणून मी ते धरून बसले. आणि ते आकडेही कसे, एकमताचे. चढले तर चौघं एकदम चढायचे, उतरले तर चौघं एकदम. पूर्वीसारखी भांडणं नाहीत. मी लेकीला कौतुकाने म्हणालेसुद्धा, बघ, नवी चाकं आल्यापासून कसा एकोपा झालाय. ती हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

दिवाळीनंतर तिला दिवस राहिले.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. तिची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो आणि बाळाचे ठोके लागत नव्हते. त्याआधी आठवडाभर मी म्हणत होते की मला हिचं काही ठीक वाटत नाही, एकदा दाखवून येऊ. सगळ्यांनी मला गप्प केलं. आणि त्या दिवशी खोलीत जाताना लेक म्हणाली होती, आई, तू घाबरतेस, तुझं तोंड बघून मला धडधडतं, तू बाहेर बस. मी बाहेर बसले. आतून तिचा आवाज आला तेव्हा मी दारापाशी उभी होते आणि मला आत जायचा धीर झाला नाही.

म्हणून ह्या वेळी मी ठरवलं होतं की घाबरायचं नाही. म्हणजे घाबरायचं, पण दिसू द्यायचं नाही. तपासणीला उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचो. प्रत्येक वेळी मी पुढच्या सीटवर, लेक मागे उशी घेऊन. भीती वाटायला लागली की मी पडद्याकडे बघायची. तेहेतीस. चारही. श्वास खाली बसायचा. डॉक्टरीणबाईंच्या दाराशी मात्र मी न सांगताच बाहेरच्या बाकावर बसायची.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, मे महिन्यात. बदलापुरातच, सोनिवलीला, जावयाच्या बहिणीच्या सोसायटीचा हॉल घेतला होता. त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं उल्हासनगरला गेलो. फुलांचे दागिने तिथे छान करून मिळतात, वाडी भरायची तर फुलं ताजी हवीत. हिरव्या बांगड्या लेकीला स्वतःच्या हाताच्या मापाने भरायच्या होत्या, म्हणून तीही आली. परत निघताना जावयाने बर्फाची लादी घेतली. कोकम सरबतासाठी, आणि फुलं कोमेजू नयेत म्हणून. गोणपाटात गुंडाळून ती डिकीत आडवी टाकली. फुलांचं खोकं माझ्या मांडीवर, एसी पूर्ण जोरात.

उल्हासनगर सोडलं तेव्हाच मला गाडी डावीकडे ओढतेय असं वाटलं. जावई स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून होता.

"गाडी ओढतेय का हो?"

"रोडच तसा आहे, आई. उतार आहे." मग त्याने पडद्याकडे बोट केलं. "बघा, चौतीस. ऊन आहे म्हणून एक वाढलाय. एकदम मक्खन."

मी बघितलं. चौतीस, चौतीस, चौतीस, चौतीस. माझं अंग सांगत होतं की गाडी ओढतेय आणि पडदा सांगत होता की काही नाही. मी अंगाला गप्प केलं. पूर्वी लोक मला गप्प करायचे, आता ते काम मीच करायला लागले होते.

अंबरनाथमध्ये सिग्नलला बराच वेळ अडकलो. तिथून पुढे निघालो आणि चौतीसचे तेहेतीस झाले. चारही. मला काही वाटलं नाही. मग बत्तीस. मी सावरून बसले. बदलापूरचा रस्ता लागेपर्यंत एकतीस. ऊन डोक्यावर तापलेलं, रस्ता तव्यासारखा, गाडी पळतेय, म्हणजे आकडे चढायला हवेत. आणि हे चौघं हातात हात घालून खाली निघालेत.

"अहो, हवा जातेय. चारही चाकांची हवा जातेय."

जावई हसला. "असं नसतं होत, आई. चार टायर एकदम कसे जातील?"

"मग हे काय? तीस झाले!"

"तुम्ही त्याच्याकडे बघू नका."

आणि इथे मी खरी घाबरले. कारण इतके महिने हाच माणूस मला म्हणत होता, बघा आई, आकडा बघा. आज पहिल्यांदा म्हणाला, बघू नका. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम, एसी चालू असून.

"थांबवा गाडी."

"हॉलवर जाऊन बघतो ना. दहा मिनिटं."

"थांबवा, नाहीतर मी दार उघडते." मी खरंच दाराच्या कडीला हात घातला. मांडीवरचं खोकं घसरलं, अबोलीचा गजरा पायाशी पडला. पलीकडून कंटेनर गेला तर आमची गाडी त्याच्या वाऱ्याने डावीकडे सरकल्यासारखी झाली, आणि मी किंचाळले. शब्द काही आठवत नाहीत. लेकीचं नाव घेऊन किंचाळले असणार.

"थांबव रे," लेक मागून म्हणाली. "ती उडी मारेल."

पुढेच रस्त्याकडेला पंक्चरवाल्याची टपरी होती, बांबूला टायर टांगलेली. तिथे गाडी थांबली. मी दार उघडं ठेवून सीटवरच बसले. पंक्चरवाल्याने हवा मोजायचं मीटर आणलं. मागची दोन बघितली, पुढचं उजवं बघितलं. ठीक होती. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकला आणि मीटर लावायच्या आधीच त्याने टायरला हात लावून पटकन मागे घेतला.

"इसमें तो आधा भी नहीं है. कब से चला रहे हो? पूरा गरम है. और थोड़ा चलाते तो फट जाता."

मी पडद्याकडे बघितलं. पुढचं डावं, तीस. बाकीची तीन, तीस. तो म्हणतो तीन चाकं ठीक आणि एक अर्धं रिकामं, आणि हा पडदा म्हणतो सगळी सारखीच. गाडीची चावी फिरवलेली होती, लेकीला एसी लागत होता. पंक्चरवाल्याने जॅक लावला, पान्याने नट काढले आणि चाक ओढून बाहेर काढलं. टायरमध्ये खिळा होता, बोटाच्या पेराएवढा. त्याने हवेच्या तोंडातली पिन काढली आणि उरलीसुरली हवा फुस्स करून सोडून दिली. चाक माझ्यासमोर मातीत आडवं पडलं होतं, हवा नसलेलं, गाडीपासून वेगळं.

पडद्यावर पुढचं डावं चाक, तीस.

मी खूप घाबरलेली आहे आयुष्यात. गळतीच्या वेळी, मिस्टरांच्या वेळी, त्या सोनोग्राफीच्या दारात. पण तसलं गार मला कधी वाटलं नव्हतं. चाक जमिनीवर पडलंय आणि गाडी सांगतेय की चाकात हवा आहे. इतके महिने हे आकडे कुणाची हवा मला दाखवत होते? मी कुणाच्या भरवशावर माझ्या लेकीला मागे झोपवून आणत होते?

"हे कुठून बोलतंय?" मी जावयाला विचारलं.

पंक्चरवाला म्हणाला, टायर आतून घासलाय, कमी हवेवर चालवल्याने कापला गेलाय, पंक्चर काढून उपयोग नाही, स्टेपनी लावू. जावई म्हणाला, स्टेपनी नको, ह्यालाच काहीतरी कर. का नको, ते त्याला सांगता येईना. शेवटी डिकी उघडली. दोघांनी बर्फाची लादी उचलून टपरीच्या बाकड्यावर ठेवली. गोणपाट चिंब झालं होतं, पाणी डिकीच्या गालिच्यातून खाली झिरपलं होतं. गालिचा उचलला. स्टेपनीच्या पोकळीत, थंडगार पाण्यात भिजलेला, प्लंबर वापरतात तसला जाडसर पाइपचा तुकडा होता. दोन्ही तोंडं बुच लावून बंद. एका बुचाला हवा भरायचं तोंड.

पंक्चरवाल्याने तो उचलून हलवला. आतून खडखड आवाज आला.

"सेन्सर का पाइप है, आंटी. चारों अंदर हैं. अंदर हवा भर देते हैं तो गाड़ी को लगता है टायर में है. रिम चेंज करते हैं तब बहुत लोग बनवाते हैं, बत्ती बुझाने के लिए. ऊपर बर्फ रखा ना, अंदर की हवा ठंडी हो गई. इसलिए नंबर गिरा."

म्हणजे मी इतके महिने चाकं बघतच नव्हते. मी डिकीतला पाइप बघत होते. चौघांचा एकोपा होता, कारण चौघं एकाच कोठडीत होते.

जावई खाली बघत म्हणाला, "नवे सेन्सर लगेच मिळत नव्हते, आई. चाकंवाल्या शेठने तेव्हाच सांगितलं होतं, हा नुसता बत्ती घालवायचा इलाज आहे, हवा हाताने चेक करत जा. मी करायचो. सुरुवातीला दर रविवारी करायचो."

"आणि मग?"

"मग दिवा गेला. तुम्ही शांत झालात. मग राहून गेलं."

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "मला माहीत होतं."

मी वळून बघितलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. हातात सकाळीच भरलेल्या हिरव्या बांगड्या.

"तुला माहीत होतं आणि तू ह्या गाडीत बसत होतीस?"

"मला वाटलं, टायरचं काय, बघेल तो. पण तू ते आकडे बघायचीस ना आई, तेव्हा तुझा श्वास खाली बसायचा. मला मागून दिसायचं. मला तेवढंच हवं होतं. तू घाबरलीस की मला वाटतं, बाळाला काहीतरी होणार."

मला तेव्हा तिचा इतका राग आला की तो मी इथे नीट लिहूही शकत नाही. जावयाचा कमी, तिचा जास्त. हे माझ्यासाठी केलं होतं, हे सगळ्यात वाईट. भोंग्यात चिंध्या कोंबल्या होत्या आणि त्या भोंग्याचं नाव आई होतं. मी तिला म्हटलं, "मला खोटा धीर नको. ह्यापुढे मला असलं काही द्यायचं नाही. मी घाबरेन. तुला त्रास झाला तरी घाबरेन. ओढतेय म्हटलं तर थांबायचं." माझा आवाज इतका चढला होता की पंक्चरवाला पान्याशी खेळत दुसरीकडे बघत राहिला. लेक रडायला लागली, मग मीही.

स्टेपनी लावली. निघताना जावयाने तो पाइप पंक्चरवाल्याच्या भंगारात टाकला. थोडं पुढे गेल्यावर दिवा लुकलुकायला लागला, रेघा आल्या. आम्ही रिक्षाच्या वेगाने सोनिवलीला पोहोचलो. सरबताला बर्फ पुरला नाही. डोहाळजेवणाचे फोटो आहेत आमच्याकडे, त्यात आम्हा तिघांचे डोळे सुजलेले आहेत आणि नातेवाइकांना वाटतं, आनंदाने.

जावयाने पुढच्याच आठवड्यात ते काम नीट केलं. त्या रिममध्ये बसतील असे सेन्सर मिळाले, नवे टायर आले, मग कॉम्प्युटर लावून चारही नंबर गाडीकडून पाठ करून घेतले. गाडी आणून मला दाखवली. एकतीस, तेहेतीस, बत्तीस, तेहेतीस. पुन्हा भांडायला लागले होते. मी त्याला सांगितलं, पुढचं डावं कमी आहे, भरून घ्या. तो हो म्हणाला आणि माझ्यासमोर भरून आणलं. आता तो चाकं वाकून बघितल्याशिवाय गाडी काढत नाही, आणि मला गाडीत घेतल्यावर 'कसं वाटतंय आई' असं विचारतो. थट्टा आहे की खरं, ते मी विचारत नाही.

जुलैअखेरीस एका सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. ती बाळंतपणाला माझ्याकडेच आली होती. पाऊस लागलेला, रस्त्यात खड्डे, मी ह्या वेळी तिच्याशेजारी मागे बसले. पुढचे आकडे मला मागून नीट दिसत नव्हते. अंबरनाथ यायच्या आधी तिने माझा हात धरून विचारलं, "आई, आकडे बरोबर आहेत?" जावयाने न विचारता वाचून दाखवले. चारही वेगळे होते. ती म्हणाली, बरं.

दवाखान्यात तिला आतल्या खोलीत घेतलं. पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं. शेजारी छोटा पडदा, त्यावर बाळाच्या ठोक्यांचा आकडा. मी दारात उभी. नात संध्याकाळी झाली आणि सगळं नीट झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

तो आकडा एका जागी थांबत नव्हता. एकशे अडतीस, एकशे पंचेचाळीस, एकशे तीस, पुन्हा वर. मी दाराची चौकट घट्ट धरली. नर्सने बघितलं.

"आजी, तो हलायलाच पाहिजे. हलतोय म्हणून बरं आहे. एकाच जागी बसून राहिला ना, की आम्ही पळतो डॉक्टरांकडे." तिने माझ्याकडे पुन्हा नीट बघितलं. "तुम्हाला फार भीती वाटत असेल तर बाहेर बसा हां. पेशंटला त्रास होतो."

मी सवयीने वळले. बाहेरचा बाक मला दिसतही होता.

"आई," लेकीने हाक मारली. डोळे मिटलेले होते, कळ ओसरत होती. "घाबरलीस?"

नाही, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तो मी गिळला.

"हो," मी म्हटलं. "खूप."

तिने चाचपडत माझं मनगट धरलं.

"मग इथेच थांब."